बंदराला दिवस, शहराला रात्री

सकाळी सहा वाजता आई शाल पांघरून डेकवर येऊन उभी राहिली. जहाज धक्क्याला लागत होतं. समोर क्रेनांची रांग, लांबवर एका वीजकेंद्राचं उंच धुराडं, आणि पाण्याच्या कडेला गोल बुरुजांचा एक जुना किल्ला. कार्यक्रमपत्रिकेत त्या तारखेपुढं ठळक अक्षरांत 'रोम' असं छापलेलं होतं. आईनं या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि विचारलं, "रोम कुठंय?"

रोम तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब होतं. आम्ही ज्या गावाला लागलो होतो त्याचं नाव चिवितावेक्किया, आणि ते पत्रिकेत कंसात, बारीक टायपात होतं. मुंबई दाखवतो म्हणून एखाद्या पाहुण्याला लोणावळ्याला उतरवावं, तेवढं हे अंतर. भूमध्य समुद्रातल्या क्रूझच्या पत्रिका अशाच असतात. 'फ्लॉरेन्स' लिहिलेलं असतं आणि जहाज लागतं लिव्होर्नोला. 'व्हेनिस' लिहिलेलं असतं आणि उतरावं लागतं राव्हेनाला किंवा त्रिएस्तला. यात कुणी लबाडी करतं असं मी म्हणणार नाही, कारण कंसातलं नाव छापलेलं असतंच. पण आपल्याकडून निघणारा माणूस आयुष्यभराची पुंजी मोडून निघालेला असतो आणि तो ठळक अक्षरंच वाचतो.

मीही तीच वाचली होती. काही वर्षांपूर्वी एका यात्रा कंपनीबरोबर मी पहिल्यांदा या समुद्रावर गेले. लिव्होर्नोहून फ्लॉरेन्सला बसनं दीड तास, तिथं वाहनतळापासून चालत वीस मिनिटं, मग कॅथीड्रलसमोर छत्री उंच धरलेल्या गाइडमागं उभं राहून चाळीस मिनिटं, जेवण, आणि पुन्हा दीड तास. उफिझी कलासंग्रहालयाची रांग मी बाहेरून पाहिली. रात्री केबिनमध्ये परतल्यावर आज फ्लॉरेन्स पाहिलं असं वहीत लिहायला घेतलं आणि हात थांबला. त्या सफरीत मी पाच शहरांची नावं गोळा केली. एकाही शहरातला दिवा लागलेला मी पाहिला नव्हता, कारण दिवे लागायच्या वेळी मी रोज जहाजावर असायचे.

म्हणून यंदा आईला घेऊन जायचं ठरलं तेव्हा आखणी उलटी केली. जी शहरं मनापासून पाहायची आहेत त्यांना रात्री द्यायच्या, जहाजाच्या आधी किंवा नंतर, स्वतःच्या खर्चानं आणि स्वतःच्या पायांनी. आणि मधली जी बंदरं आहेत त्यांना बंदर म्हणूनच भेटायचं. त्यांच्या पाठीमागच्या प्रसिद्ध शहरांकडं धावत सुटायचं नाही. बार्सिलोनात तीन रात्री, मग बार्सिलोनाहून निघून चिवितावेक्कियाला संपणारी सात रात्रींची एकेरी सफर, आणि शेवटी रोममध्ये चार रात्री. फ्लॉरेन्सला या खेपेला शून्य. हा शून्य लिहिताना जीवावर आलं. पण तो लिहिल्यामुळं बाकीचं सगळं जमलं.

आखणीची सुरुवात घड्याळापासून करावी लागते. समजा जहाज सातला धक्क्याला लागतं आणि संध्याकाळी सातला निघतं. कागदावर हे बारा तास होतात. पण कागदपत्रं होऊन शिडी मोकळी व्हायला पाऊण-एक तास जातो. बंदराच्या आवारात पायी फिरू देत नाहीत, तिथून फाटकापर्यंत बस. फाटकापासून स्टेशन, स्टेशनावर तिकिटाची रांग. कागदी तिकीट असेल तर ते फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं, नाहीतर दंड. तासाभराची गाडी. रोममध्ये पाय टेकतात तेव्हा दहा वाजून गेलेले असतात. संध्याकाळी सातला निघणारं जहाज प्रवाशांना साडेसहाला, कधी सहालाच आत मागतं. वाटेत काही बिघडलं तर हाताशी तासभर राखायचा, म्हणजे साडेतीन-चारची परतीची गाडी. उरतात पाच-साडेपाच तास, त्यात जेवण. व्हॅटिकनची संग्रहालयं धड पाहायची तर एकट्या त्यांनाच तीन तास लागतात.

जहाजाच्या स्वतःच्या सहलीची बस अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं, किंवा प्रवाशांना पुढच्या बंदरावर पोचवायची जबाबदारी कंपनी घेते. स्वतंत्र गेलेल्यासाठी जहाज थांबत नाही. म्हणून दोन-अडीच तासांच्या अंतरावर जायचंच असेल तर जहाजाची सहल घ्यावी, जास्त पैसे गेले तरी. चालत किंवा शहरी बसनं गाठता येईल अशा ठिकाणी मात्र एकट्यानं जावं. घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावावं, कारण ती वेळ किनाऱ्याच्या वेळेशी जुळेलच असं नसतं. अनेक सफरींत पासपोर्ट जहाजाच्या ताब्यात असतो, त्यामुळं त्याची आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स पर्समध्ये हवी. जहाजावर रोज जे दिनपत्रक वाटतात त्यात त्या बंदरातल्या कंपनीच्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो. ते पत्रक केबिनमध्ये विसरायचं नाही.

घड्याळानंतर वार. साप्ताहिक फेऱ्या मारणारं जहाज हंगामभर प्रत्येक बंदराला ठरलेल्या वारीच येतं. म्हणजे सफर निवडतानाच आपण वारही निवडत असतो, आणि हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. उफिझी सोमवारी बंद. बार्सिलोनातलं पिकासो संग्रहालय सोमवारी बंद, तिथला बोकेरिया बाजार रविवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडून रविवारी बंद. नेपल्सचं पुराणवस्तुसंग्रहालय मंगळवारी बंद. मी एका वहीत उभ्या रेघा मारून बंदर, वार, येण्याची वेळ, निघण्याची वेळ, धक्क्यापासून गावाचं अंतर आणि त्या दिवशी काय बंद असतं हे लिहून काढलं. शेवटच्या रकान्यात त्या दिवशी धक्क्याला आणखी किती जहाजं लागणार हे लिहिलं, कारण बहुतेक बंदरं ती यादी आधीच जाहीर करतात. वही पूर्ण झाली तेव्हा तीन सफरींपैकी दोन आपोआप गळाल्या. एकीत नेपल्स मंगळवारी येत होतं.

इटलीत आणखी एक रकाना लागतो, संपाचा. तिथं रेल्वेचे संप आधी तारीख जाहीर करून होतात, आणि कामकाजाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत ठरावीक लोकल गाड्या कायद्यानं चालू ठेवाव्या लागतात. राहणाऱ्याला त्याचा आधार होतो. बोटीवर परतणाऱ्याला संध्याकाळचे सहा म्हणजे उशीरच.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. शेंगेन व्हिसासाठी ज्या देशात जास्त दिवस त्या देशाकडं अर्ज करायचा, दिवस सारखे असतील तर जिथं पहिलं पाऊल पडणार तिथं. आमच्या बाबतीत रोमच्या चार रात्री आणि इटलीतली बंदरं धरून पारडं इटलीकडं झुकलं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्याच्या हंगामासाठी तो लवकरच करावा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. सफर मध्येच ट्युनिसिया, तुर्कस्तान किंवा माँटेनेग्रोला शिवत असेल तर आपण शेंगेनच्या बाहेर जाऊन परत आत येतो, म्हणून अनेक प्रवेशांचा व्हिसा मागायचा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३पासून शेंगेनमध्ये आहे. त्याआधीच्या सल्ल्यांवर विसंबून कुणी गोंधळून जाऊ नये.

आता बार्सिलोना. जहाज सुटण्याच्या दिवशीच विमानानं पोचणं हा जुगार आहे. मुंबईहून बहुतेकांचं विमान आखातात बदलतं, आणि तिथं बॅग राहिली तर ती पुढं प्रत्येक बंदरात आपल्याला शोधत फिरते. आम्ही तीन दिवस आधी पोचलो. सग्रादा फमिलिया चर्चची तिकिटं वेळेच्या खिडकीची असतात. मी मुद्दाम दुपारची चारची घेतली, कारण पूर्वेच्या काचा निळ्या-हिरव्या आणि पश्चिमेच्या तांबड्या-केशरी आहेत, आणि कलतं ऊन पश्चिमेकडून आत येतं. १८८२ साली सुरू झालेलं हे काम वास्तुकार गौदीनं १८८३ साली हाती घेतलं. १९२६ साली ट्रामची धडक बसून तो गेला, आणि त्याच देवळाच्या तळघरात त्याला पुरलं आहे. आई एका बाकावर पाऊण तास बसली. खांब, फरशी, बसलेल्यांचे चेहरे, सगळं हळूहळू कुंकवाच्या रंगाचं होत गेलं. आमच्या शेजारून बॅज लावलेले गट दर दहा मिनिटांनी बदलत होते, आणि पहिल्या सफरीत मी त्यांच्यातली एक होते हे मला आठवत होतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, जुन्या कॅथीड्रलसमोर म्हातारी माणसं पिशव्या मधोमध ठेवून, हात धरून गोल करून सार्दाना नाचत होती. आईनं त्यांच्या पावलांचे ठेके मोजले. सोमवारी आम्ही ग्रासिया भागातल्या एका चौकात नुसत्या बसलो. हे कुठल्याही यादीत नव्हतं.

बार्सिलोनाच्या भिंतींवर पर्यटकांना घरी जा म्हणणारी वाक्यं दिसतात. ती वाचून राग येण्याआधी आकडा पाहावा. २०२४ साली या एका बंदरातून ३६ लाखांहून अधिक क्रूझ प्रवाशांची ये-जा झाली. जुलै २०२५मध्ये नगरपालिका आणि बंदर यांनी क्रूझची टर्मिनलं २०३०पर्यंत सातावरून पाचावर आणायचं ठरवलं. व्हेनिसनं त्याआधीच पाऊल उचललं होतं. जून २०१९मध्ये एक अवाढव्य जहाज जुदेक्का कालव्यात ताबा सुटून धक्क्यावर आणि एका प्रवासी बोटीवर आदळलं, आणि १ ऑगस्ट २०२१पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना सान मार्कोसमोरून जायला बंदी झाली. २०२४पासून ठरावीक दिवशी, दिवसापुरतं येणाऱ्याकडून प्रवेशशुल्क घेतात, आणि शहरात मुक्काम करणाऱ्याला ते माफ असतं. या एका तरतुदीत त्या शहराचं म्हणणं स्वच्छ दिसतं. १९५१ साली व्हेनिसच्या जुन्या बेटांवर पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ साली तो आकडा ५०,०००च्या खाली गेला. सांतोरिनीनं २०२५पासून दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातली. तिथं जहाज धक्क्याला लागतच नाही. छोट्या बोटींनी कड्याच्या पायथ्याशी नेतात आणि वरच्या गावात जायला एक केबल कार किंवा ५८८ पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन जाणाऱ्यानं हा आकडा वहीत पहिल्या ओळीत लिहावा.

डुब्रोव्हनिकनं एका वेळी दोनच जहाजं आणि ४,००० प्रवासी असा करार केला, तो २०१९ साली अमलात आला. त्या तटबंदीच्या शहराचा पालनकर्ता संत ब्लेझ, आणि गोव्यात कुंभारजुव्यानजीक गवंडाळीला याच संताच्या नावाचं चर्च आहे. सोळाव्या शतकात डुब्रोव्हनिकहून आलेल्या व्यापाऱ्यांनी ते बांधलं असं मानतात. तेव्हा व्यापारी वाऱ्याची वाट बघत महिनोन्महिने बंदरात राहत आणि राहिले की देऊळ बांधत.

गोव्याचं नाव निघालं म्हणून आमच्या केबिनचा कारभारी आठवला. साष्टीचा, चाळिशीतला. आईचं नऊवारी नेसणं पाहून पहिल्याच दिवशी मराठीत बोलू लागला. वडीलही तारवटी. बोटीवर चढण्याआधी आणि उतरल्यावर मुंबईत धोबीतलावला गावच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, राहायचे. मी त्याला विचारलं, या बंदरांमधलं सगळ्यात चांगलं कुठलं. तो टॉवेलांच्या घड्या घालत म्हणाला, "अकरा वर्षं नेपल्सला येतोय ताई, पॉम्पेई नाही पाहिलं. दोन तासांची सुट्टी मिळते. पण धक्क्याबाहेरचा कॉफीवाला मला नावानं ओळखतो. माझ्या मुलीची दहावी झाली तेव्हा त्यानं पैसे घेतले नाहीत." मग आईकडं वळून म्हणाला, "सवकास जावचें, आई. घाय करूं नाकात."

मार्सेलिसला जहाज शहराच्या उत्तरेला, बरंच लांब लागतं. तिथून बस जोलिएतच्या जुन्या गोद्यांपर्यंत आणते. जहाजाच्या सहली त्या दिवशी आव्हिन्यों आणि एक्सला गेल्या. आम्ही तिथंच थांबलो. मराठी माणसाला या बंदरात दुसरीकडं जायचं कारण काय? ८ जुलै १९१० रोजी सकाळी 'मोरिया' बोटीच्या पोर्टहोलमधून विनायक दामोदर सावरकर इथल्या पाण्यात उतरले, पोहत धक्क्याला लागले, धावले, आणि फ्रेंच पोलिसानं त्यांना पकडून पुन्हा बोटीवर दिलं. फ्रान्सच्या भूमीवरून असं परत देणं कायदेशीर होतं का, हा वाद हेगच्या लवादापुढं गेला आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल ब्रिटनच्या बाजूनं लागला. शाळेत हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण गोदीच्या कठड्याला टेकून खालचं तेलकट पाणी आणि भिंतीची उभी चढण पाहिली की त्या काही मिनिटांना वजन येतं. आई बराच वेळ खाली बघत राहिली. "वर चढायला धरलं कशाला असेल?" एवढंच म्हणाली.

त्यानंतर चार वर्षांनी, सप्टेंबर १९१४च्या अखेरीस, याच बंदरात हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन उतरली. त्यात पुण्याच्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्या होत्या. महिनाभरात आघाडीवरच्या न्यूव्ह शापेलला त्यांची दाणादाण उडाली. शहराच्या दक्षिणेला माझार्गच्या युद्धस्मशानात हिंदी सैनिकांचं स्मारक आहे. आम्ही खडकीजवळ राहतो, त्यामुळं तिथं जाणं आम्ही आधीच ठरवलं होतं. दुपारी साठ नंबरच्या बसनं नोत्र दाम द ला गार्दच्या टेकडीवर गेलो. त्या चर्चच्या छतातून दोऱ्यांनी छोटी छोटी गलबतं टांगली आहेत, समुद्रातून वाचलेल्यांनी नवस फेडताना वाहिलेली. आपल्याकडं नवसाला पाळणे बांधतात तसंच हे.

जिनोआ मी सोडून देते. पाऊस होता आणि आईनं विश्रांती घेतली. असा एक दिवस आखणीत धरलेला असावाच.

लिव्होर्नोला मात्र मला जुना हिशेब चुकता करायचा होता. सकाळी बसांची रांग फ्लॉरेन्सकडं आणि पिसाकडं गेली आणि धक्क्यावर शांतता पसरली. हे गाव मेदिची घराण्यानं मुद्दाम वसवलं. १५९१ आणि १५९३च्या फर्मानांनी त्यांनी सगळ्या देशांच्या व्यापाऱ्यांना, ज्यूंनासुद्धा, इथं येऊन राहायचं आमंत्रण आणि संरक्षण दिलं. कालव्यांच्या ज्या भागाला 'नवं व्हेनिस' म्हणतात तिथं घरांच्या पायथ्याशी बोटी बांधलेल्या, वर दोरीवर कपडे वाळत घातलेले, आणि सकाळी दहा वाजता आमच्याखेरीज परका माणूस नाही. झाकलेल्या बाजारपेठेजवळ एका भटारखान्यात आईला जेवण सापडलं. हरभऱ्याचं पीठ पातळ भिजवून मोठ्या तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात, त्याला तिथं 'तोर्ता' म्हणतात. ती पावात घालून, वर मिरपूड भुरभुरून देतात. नाव 'चिंक्वे ए चिंक्वे', म्हणजे पाच आणि पाच. कधीकाळी पाच पैशांचा पाव आणि पाच पैशांची तोर्ता. आईनं एक घास घेतला आणि म्हणाली, "अगं, हे पोळ्याचं पीठ. हिंग विसरलेत."

शाकाहारी माणसानं ही खूणगाठ बांधून ठेवावी. या समुद्राच्या काठानं बेसन जवळजवळ प्रत्येक बंदरात भेटतं. नीसला 'सोका', मार्सेलिसला 'पानीस', जिनोआला 'फारिनाता', आणि पालेर्मोला तर 'पाने ए पानेल्ले', म्हणजे बेसनाच्या तळलेल्या वड्या पावात. तो पाव हातात घेऊन आई पालेर्मोच्या बल्लारो बाजारात वडापावाच्या गाडीशी उभं राहावं तशी उभी राहिली. यातलं काहीही जहाजाच्या जेवणघरात मिळत नाही. आणि एक सावधगिरी. पारमेजान आणि पेकोरिनो चीज वासराच्या किंवा कोकराच्या जठरातल्या विरजणानं लावतात, त्यामुळं काटेकोर शाकाहाऱ्यानं पास्त्यावर ते नको म्हणून आधीच सांगावं.

नेपल्सचं बंदर शहराच्या पोटातच आहे. शिडी उतरलं की समोर तेराव्या शतकातला किल्ला. बहुतेक लोक इथून पॉम्पेईला जातात, आणि पॉम्पेई न पाहता परतायचं म्हणजे काय, असं मलाही वाटत होतं. पण तिथल्या दगडी रस्त्यांवर चार तास चालणं आईला झेपणारं नव्हतं. शिवाय आम्हाला ज्या बाईला भेटायचं होतं ती पॉम्पेईत राहत नाही. बंदरासमोरच्या म्युनिचिपिओ स्टेशनवरून मेट्रोनं तिसरं स्टेशन म्हणजे पुराणवस्तुसंग्रहालय. या मेट्रोचं खोदकाम करताना म्युनिचिपिओला रोमन काळातल्या बोटींचे सांगाडे निघाले होते. दोन हजार वर्षांपूर्वीही गलबतं इथंच लागत होती.

ती बाई हस्तिदंताची आहे, जेमतेम वीतभर उंच. गळ्यात माळा, हातांत कोपरापर्यंत बांगड्या, पायांत जाड वाळे, कमरेला मेखला, आणि दोन्ही बाजूंना दोन दासी. १९३८ साली ती पॉम्पेईच्या एका घरात सापडली. इ. स. ७९मध्ये व्हेसुव्हियसची राख पडली तेव्हा ती तिथं होती. तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात, पण अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. डोक्यावर खोबणीसारखं भोक आहे, त्यावरून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या छोट्या मेजाचा पाय असावी असा तर्क आहे. आणि तिच्यासारखीच हस्तिदंती मूर्ती सापडली ती आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, दुसरी धाराशिवजवळच्या तेरला. सातवाहनांच्या काळातलं भोगवर्धन आणि तगर. म्हणजे ही बाई मराठवाड्यातल्या कुठल्या तरी कारागिराच्या हातून निघाली असण्याची शक्यता दाट आहे. तिथून घाट उतरून सोपारा-कल्याण-भडोचसारख्या एखाद्या बंदरात, मग पावसाळी वाऱ्यांच्या हिशेबानं तांबडा समुद्र, मग वाळवंट आणि नाईल, अलेक्झांड्रिया, आणि शेवटी नेपल्सच्याच या आखातातलं पुतेओली, जिथं रोमसाठी पूर्वेकडचा माल उतरत असे.

आई काचेला नाक लावून उभी होती. ती औरंगाबादची. लहानपणी भोकरदनच्या मावशीकडं सुट्टीत जायची. "हे वाळे आजीचे होते तसे आहेत," ती म्हणाली. आम्ही तिथं एक तास होतो आणि त्या तासात जहाजाचा एकही गट त्या कपाटापाशी थांबला नाही. त्यांना दोष कसा द्यायचा? त्यांना पाऊण वाजता बसमध्ये बसायचं होतं.

तर आता चिवितावेक्किया, जिथं आई विचारत होती की रोम कुठंय.

सफर इथंच संपत होती. साडेआठपर्यंत बॅगा घेऊन सगळे उतरले आणि रोमकडं पळाले. आमच्या हातात रोममधल्या चार रात्री होत्या, त्यामुळं सकाळ मोकळी होती. स्टेशनाजवळ बॅगा ठेवल्या आणि पायी निघालो. हे बंदर सम्राट ट्रेजननं दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतलं. कादंबरीकार स्तांदाल इथं फ्रान्सचा वाणिज्यदूत होता आणि त्याला इथं करमत नसे. १६१५ साली हासेकुरा त्सुनेनागा नावाचा जपानी सामुराई पोपला भेटायला निघाला तो इथंच उतरला, त्याचा पुतळा गावात आहे. पण मी आईला नेत होते ते एका चर्चकडं.

बाहेरून साधं. १८६४ सालचं, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बनं पडलेलं, नंतर पुन्हा उभारलेलं. आत गेलं की वेदीच्या वर किमोनो नेसलेली मेरी. १९५०च्या दशकात लुका हासेगावा या जपानी चित्रकारानं ही भित्तिचित्रं काढली. हे चर्च जपानच्या हुतात्म्यांचं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी मारलं, त्यांची ही आठवण. आणि त्या सव्वीसांत एक होता गोन्सालो गार्सिया, वसईचा. बाप पोर्तुगीज, आई तिथलीच. वसईच्या किल्ल्यात जेझुइटांकडं शिकला, पंधराएक वर्षांचा असताना जपानला गेला, भाषा शिकला, व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन संघात बंधू झाला आणि दुभाषा म्हणून पुन्हा जपानला परतला. १८६२ साली रोमनं त्याला संतपद दिलं, भारतात जन्मलेला पहिला संत. वसईत त्याच्या नावाचं महाविद्यालय आहे. लोकलनं जाता-येता मी त्याची पाटी कितीदा वाचली असेन, पण त्या नावामागचा माणूस मला इथं येण्याची तयारी करताना कळला.

आत एक म्हातारा फुलदाण्यांतलं पाणी बदलत होता. मी भिंतीवरच्या चित्रांकडं बोट करून 'गार्सिया' म्हटलं, मग आईकडं बोट करून 'इंडिया'. त्यानं फडकं खाली ठेवलं, आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि इटालियनमध्ये खूप वेळ काहीतरी सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि मराठीत उत्तर दिलं. ती वसईच्या केळ्यांबद्दल सांगत होती.

दुपारच्या गाडीनं आम्ही रोमला निघालो आणि सान पिएत्रो स्टेशनवर उतरलो. तिथून घुमट जवळच दिसतो. फलाटाच्या पलीकडच्या बाजूला परतीची गर्दी होती, सकाळी दुसऱ्या जहाजांवरून आलेली माणसं, चेहरे उन्हानं लाल झालेले, हातांत कार्डं. त्यात एक मराठी कुटुंब निघालं. नवरा घड्याळ बघत होता, मुलगा आडवा झाला होता. बाईनं आईचं नऊवारी पाहून हाक मारली, "काकू, कुठल्या? आमची बोट सातला सुटते हो. कलोसियम झालं, व्हॅटिकन बाहेरून झालं. तुम्ही आज काय बघितलंत?"

"वसईचा एक मुलगा," आई म्हणाली. बाईला नीट ऐकू आलं नसावं, ती पुढं झुकली. तेवढ्यात त्यांची गाडी मधे आली.